मानाचा रोडगा

मला थट्टा सहन होत नाही. हे मी आत्ता एवढ्या शांतपणे लिहू शकतो, कारण समोर कोणी हसत नाहीये. चारचौघांत कोणी माझ्या टकलावर, माझ्या स्कूटर चालवण्यावर, नाहीतर मी बशीत चहा ओतून फुंकतो त्यावर एक शब्द बोललं, की आधी माझे कान तापतात, मग मान तापते, आणि मग मी खुलासा करायला लागतो. थट्टेचा खुलासा करण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण राहवतच नाही. अकोल्यात ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो मी. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही हाडात मुरलेली सवय.

आणि असल्या माणसाला देवानं मित्र द्यावेत तर ते कसले? तिघंही अमरावतीचे, माझ्या शाळेपासूनचे, आणि तिघांचंही आवडतं काम एकच, मला सोलणं. एक जिल्हा कोर्टात वकील. दुसऱ्याचा वरूडच्या रस्त्याला संत्र्याचा बगीचा, त्याला आम्ही बागवाला म्हणतो. आणि तिसऱ्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. हे सगळं लिहायचं कारण तो तिसरा, दुकानवाला.

दुकानवाल्याचा कान म्हणजे आमच्याकडे चर्चेचा विषय. रस्त्यानं ट्रॅक्टर फटफटत गेला की हा गादीवर बसल्या जागी, हातातला चहा न सांडता सांगणार, क्लच गेला का बेअरिंग गेलं. शेतकरी खातरी करून यायचे आणि मान हलवत पार्ट घेऊन जायचे. माणसांचंही तो तसंच ओळखायचा. एकदा मी केसांना, म्हणजे जे उरले आहेत त्यांना, काळा रंग लावून बगीच्यात गेलो. ऊन होतं, घाम आला. अर्धा तास हा पठ्ठ्या काहीच बोलला नाही. मग बागवाल्याला म्हणाला, "अबे, याच्या मानीकडं पाह्य. ऑइल लीक होऊन राह्यलं याचं. वॉशर गेलं वाटते."

मी ताबडतोब रंगातल्या अमोनियाचा आणि घामाचा काय संबंध असतो ते समजावून सांगितलं. सविस्तर. त्यानंतर वर्षभर माझा उल्लेख 'गळकी गाडी' असाच होत होता.

मी उत्तरं तयार करत नसे असं नाही. अकोल्याहून एसटीत बसलो की मूर्तिजापूरपर्यंत माझे चांगले चार-पाच टोले तयार व्हायचे. बडनेरा येईपर्यंत त्यांना धार लावून व्हायची. पण मी टकलाची तयारी करून जावं तर त्या दिवशी विषय निघायचा माझ्या नव्या बुटांचा. अस्सल उत्तर मला सुचायचं ते परतीच्या बसमध्ये, तेही इतकं झकास, की मी एकटाच मोठ्यानं हसायचो आणि शेजारचा माणूस पिशवी उचलून मागच्या सीटवर जायचा.

आता रोडग्याचं सांगतो. हिवाळ्यात बगीच्यातल्या विहिरीजवळ, निंबाखाली आमची रोडग्याची पार्टी होते. जाडसर कणकेचे गोळे, आत तेलाचे पदर, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून राखेत दडपलेले. बाहेर काढायचे, फडक्यानं राख झटकायची, हातानं फोडायचे, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. हे झालं सगळ्यांच्या घरचं. आमच्या चौघांचं वेगळं काय, तर मानाचा रोडगा. एक रोडगा मुद्दाम विस्तवात विसरायचा. तो कोळसा होईपर्यंत जाळायचा. मग गेल्या पार्टीपासून ज्यानं सगळ्यात मोठा गाढवपणा केला असेल, त्याचा त्या रोडग्यानं सत्कार करायचा. खांद्यावर दुपट्टा, कपाळाला राख. वकील आरोप वाचणार, दुकानवाला भाषण करणार, आणि सत्कारमूर्तीनं उभं राहून त्या कोळशाचा एक घास खायचा आणि एकच शब्द बोलायचा. कबूल.

खुलासा चालत नाही. हा नियम माझ्यासाठीच केला होता, हे सांगायला नको.

सत्कारमूर्ती बहुतेक वेळा कोण असायचं हेही सांगायला नको. म्हणून मी एक युक्ती काढली होती. आरोप वाचायला सुरुवात झाली की मला काहीतरी व्हायचं. कधी पाठीत उसण, कधी पोटात गोळा. पण माझं आवडतं म्हणजे छातीत दुखणं. हात छातीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, निंबाच्या बुडाशी टेकायचं. तिघं टाळ्या पिटायचे. दुकानवाला भाषण न थांबवता म्हणायचा, "नाटक करून राह्यला. वाढा त्याले." आणि मी एक डोळा उघडून बघायचो, सुटलो का? कधीच सुटलो नाही.

आणि मग मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ते झालं.

त्या वर्षीचा आरोप भक्कम होता. आम्ही चौघं सेमाडोहला गेलो होतो. जंगलात फिरताना मी जिप्सी थांबवली, तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, वाघाचे भराभर फोटो काढले आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकूनही दिले. ते वारूळ होतं. प्राचार्यांचं अभिनंदन येऊन पडलं होतं हो! तर वकील हे सगळं कलमं लावून वाचत होता, आणि माझ्या छातीवर कोणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं. मी हात छातीवर ठेवला. निंबाला टेकलो. झाला ना हशा!

दुकानवाल्यानं माझी नक्कल सुरू केली. छाती धरून, डोळे फिरवून, "आई वं, वाघ आला, वाघ आला" करत तो विहिरीभोवती लडखडत फिरला. बागवाल्याच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मला घाम सुटला होता, डावा हात जड झाला होता, आणि खरं सांगू? मला स्वतःलाच वाटलं की आज आपलं फारच चांगलं जमून राह्यलं आहे. इतक्या वर्षांच्या खोटेपणाची शरीराला सवय लागली असावी, असा एक शास्त्रीय विचारही मनात येऊन गेला. "खरंच दुखतंय रे," असं मी म्हणालो. त्यावर तर तिघं लोळले.

मग दुकानवाला जळका रोडगा घेऊन मला भरवायला आला. माझ्या मानेखाली हात घालून त्यानं माझं तोंड वर केलं, आणि त्याच्या हाताला माझा गार घाम लागला. त्याचं हसू तोंडावरच राहिलं, बाकी सगळा चेहरा बदलला. रोडगा हातातून पडला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. त्यानं मला उचललं, गाडीत टाकलं, गाडी त्यानंच चालवली. अमरावतीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला त्या दुखण्यातही भीती वाटली ती त्याच्या गप्प बसण्याची.

वाचलो. दोन स्टेंट पडले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. हे वाक्य त्यांनी नको तिथं म्हटलं. दुकानवाला दारातच उभा होता.

घरी आल्यावर पहिला महिनाभर मी फार सुखात होतो, हे कबूल करायला हवं. थट्टा बंद! वकील फोनवर म्हणाला, "सर, तुमी आराम करा." सर! हा मला शाळेपासून 'अबे गोट्या' म्हणत आला होता. बागवाल्यानं संत्र्याच्या दोन पेट्या पाठवल्या, निवडून निवडून. आमच्या ग्रुपवर, जिथं सकाळ शिवीनं उजाडायची, तिथं गुलाबाच्या फुलांवर शुभ सकाळ यायला लागली. मी पुन्हा केसांना रंग लावला. कोणी काही बोललं नाही. एकदा वकिलाकडे मी चुकून बायकोच्या चपला घालून गेलो. त्यानं पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "छान आहेत." त्या दिवशी मात्र माझ्या पोटात गोळा आला, खराखुरा. जिवंतपणी माझी शोकसभा चालली होती, आणि मी तिथं खुर्चीत बसून चहा पीत होतो.

दुकानवाल्याचं तर वेगळंच. दवाखान्यात तो रोज यायचा, पण दारातून आत नाही. मी घरी अकोल्याला आलो तसा तो नाहीसाच झाला. फोन केला तर "हाव. बरं. सांभाळा," एवढंच. सांभाळा! त्यानं मला घातलेल्या सगळ्या शिव्यांनी मिळून जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते 'सांभाळा' लागलं.

मग त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं. तो घरात बोलतच नाही. दुकानात गिऱ्हाइकांची फिरकी घेत नाही, गिऱ्हाइकं विचारतात, शेठची तब्येत बरी नाही का. जेवताना त्याचा भाऊ मोठ्यानं हसला, तर हा पान सोडून उठला. वकिलापाशी एकदाच म्हणाला होता, "माह्या तोंडापायी मानूस मेला असता. आपून आता थट्टा सोडली."

मी अमरावतीला गेलो आणि थेट त्याच्या दुकानात. त्यानं उठून मला खुर्ची दिली, फडक्यानं पुसून. बिनसाखरेचा चहा मागवला. "तुमी कायले तरास घेतला?" म्हणाला. मी टोपी काढली, टक्कल दाखवलं, बशीत चहा ओतला, आवाज करून फुंकला. माणूस याहून जास्त काय करू शकतो? त्यानं नजर काढून घेतली.

तेवढ्यात दारात एक ट्रॅक्टर येऊन थांबला, खोकत, आचके देत. शेतकरी खाली उतरला आणि सवयीनं म्हणाला, "शेठ, आयका जरा, काय गेलं?" दुकानवाल्यानं ट्रॅक्टरकडे मान वळवली. ऐकलं. मी बघत होतो, त्याला कळलं होतं, त्याच्या भुवईवरून दिसत होतं. आणि तो म्हणाला, "मले नाई समजत. मेकॅनिकले दाखवा."

शेतकरी बुचकळ्यात पडून निघून गेला. मी चहा तसाच ठेवला. माझं हृदय तर डॉक्टरांनी दुरुस्त केलं होतं, पण या माणसाचा कान माझ्यापायी गेला होता. तो जर असाच राहिला असता तर माझ्या वाचण्याला काही अर्थ नव्हता, असं मला तिथंच, त्या ग्रीसच्या वासात वाटलं. रडू आलं. शिंकेचं निमित्त केलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, रोडग्याची पार्टी करायची, आणि या वेळी सत्कार त्याचा. आरोप मी वाचणार, भाषणही मीच करणार. ती भाजी निवडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी? थट्टा करनार? आधी गोळी घेतली का सकायची?"

मित्रांना तयार करायला वेळ लागला. तिघंही नाही म्हणाले. मी धमकी दिली, एकटा येईन, एकटा गोवऱ्या पेटवीन. तेव्हा कुठे जमले. दुकानवाला येतो म्हणाला ते फक्त मला परत गाडीनं न्यायला कोणीतरी हवं म्हणून.

अकोल्याहून निघताना भाषण तोंडपाठ होतं. मूर्तिजापूरला त्यात दोन ठिकाणी सुधारणा केल्या. बडनेऱ्याला अख्खं विसरलो.

बगीच्यात पोचलो तर माझ्यासाठी उशी घातलेली खुर्ची. माझ्यासाठी वेगळा डबा, बिनतुपाचा. वकिलानं पिशवीत बीपी मोजायचं मशीन आणलं होतं, आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नव्हता. बागवाला विस्तवापाशी बसून सगळे रोडगे वेळेवर, सोनेरी रंगावर काढत होता. जळका एकही नाही. मुद्दामच. आता सत्कार करायचा कशानं? बागवाला पाणी आणायला गेला तेवढ्यात मी खुर्चीतून उठलो, एक चांगला रोडगा उचलला आणि परत विस्तवात खुपसला. सोबत दोन बोटंही भाजून घेतली. दुकानवाल्याच्या सत्काराचा रोडगा मला स्वतःला जाळावा लागला, तोही चोरून, यावरून माझी लायकी कळावी.

जेवायला बसायच्या आधी मी तो कोळसा चिमट्यानं बाहेर काढला. तिघंही माझ्याकडे बघत राहिले. मी दुकानवाल्यापाशी गेलो, त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि त्याच्या कपाळाला राख लावली. तो मागे सरकला. "काय करून राह्यले तुमी," म्हणाला, "राहू द्या."

"उभा राय," मी म्हणालो. माझे कान तापले होते. भाषणातला एक शब्द आठवत नव्हता. मग जे तोंडात आलं ते बोललो.

"आरोपी," मी म्हणालो, "जवानीपासून ट्रॅक्टरचे पार्ट विकून राह्यला. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला का गादीवर बसून सांगते, काय गेलं. अख्खा तालुका याच्या कानावर भरोसा ठेवते. अन याच्या डोळ्यासमोर, हातभर अंतरावर माहं इंजिन बंद पडलं. पानी गळालं, खडखड झाली, सगळं झालं. तं या एवढ्या मोठ्या जानकारानं काय निदान केलं? म्हने, नाटक!"

कोणी हसलं नाही. वकिलाच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. "सर, जाऊ द्या ना," तो हळूच म्हणाला. दुकानवाला माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं, आयुष्यात एक टोला नीट बसला आणि त्यानं माणूस मारला. बीपीचं मशीन आता त्यालाच लावावं लागणार. पण सुरू केलं होतं, थांबता येईना.

"वारुळाले वाघ म्हनलो तं माहा सत्कार," मी म्हणालो, "अन यानं हार्ट अटॅकले नाटक म्हनलं, तं हा सालभर तोंड लपवून फुकटात सुटते? असं नाई चालत. घास घे. बोल."

त्यानं माझ्या हातातल्या कोळशाकडे बघितलं. मग त्याचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं रडतोय, मग वाटलं हसतोय, आणि मग कळलं की दोन्ही. दुपट्ट्यानं तोंड पुसता पुसता राख गालभर पसरली. त्यानं माझ्या हातातून रोडगा घेतला, घास तोडला. दात काळे झाले.

"कबूल," तो म्हणाला.

मग तोच हात वर करून म्हणाला, "पन मले एक सांग. रोजच खडखड करनारी गाडी असली, तं तिची खरी खडखड कोन वळखन बे?"

बे! किती महिन्यांनी! उत्तर मला अर्थातच परतीच्या वाटेवर सुचणार होतं.

"अर्धा रोडगा याचा," तो वकिलाला म्हणाला. "दरसाल छाती धरून पडला, मलेच सवय लावली लेकानं. अन ते जे टाकले तुह्यात, ते ओरिजनल हायेत का लोकल? माह्या दुकानातून नेले असते तं वॉरंटी देल्ली असती."

वकील हसला. बागवाला हसला. माझे कान तापले, मान तापली, आणि स्टेंट कशाचा बनवतात ते सांगायला मी तोंड उघडलं. त्याच उघड्या तोंडात त्यानं जळक्या रोडग्याचा तुकडा कोंबला. नियम आहे, खुलासा चालत नाही. मी चावायला गेलो, कोरडा कोळसा घशात अडकला, ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. माझा हात सवयीनं छातीवर गेला, आणि डोळे मी मुद्दामच मिटून घेतले.

वकील मशीन घेऊन धावला. बागवाल्याच्या हातातला पाण्याचा गडवा सांडला. दुकानवाला मात्र जागचा हलला नाही. मान तिरपी करून, भुवई उचलून तो माझ्याकडे बघत होता, नव्हे, ऐकत होता, रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकावा तसा, एक-एक ठसका.

"बसा बे दोघंही," तो म्हणाला. "नाटक करून राह्यला. वाढा त्याले."

मी एक डोळा उघडून बघितलं. बरोबर ओळखलं होतं त्यानं.